बरणीतले बुडबुडे आणि ॲव्हरेजचा भ्रम

पेट्रोल महागलं की दोन गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. विरोधी पक्ष बैलगाडी मोर्चा काढतो, आणि गाडीच्या बॉनेटखाली बसवायची ‘हायड्रोजनची बरणी’ पुन्हा अवतरते. मोर्चा दुपारपर्यंत आटोपतो. बरणीचं तसं नाही. २००८च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा तिथल्या हौशी मंडळींनी ती घरोघर बनवली. आपल्याकडे मे २०२१मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ॲव्हरेज उतरल्याची कुरकुर चालू आहे, आणि ‘एचएचओ किट’ची भुरळ काही कमी होत नाही.

बनवायला ती अवघड नाही. जाड प्लास्टिकची किंवा काचेची बरणी, तीत स्टेनलेस स्टीलच्या पाच-सात पट्ट्या, पाण्यात कॉस्टिक पोटॅश नाहीतर खाण्याचा सोडा, बॅटरीपासून आलेल्या दोन वायरी आणि झाकणातून निघून इंजिनाच्या हवेच्या पाइपात शिरणारी रबरी नळी. बटण दाबलं की पट्ट्यांवर बुडबुडे उठतात. तो वायू साबणाच्या फेसात धरून काडी लावली की फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. बघणारे टाळ्या वाजवतात आणि दाखवणारा पुढच्याच वाक्यात सांगून मोकळा होतो की ॲव्हरेज तीस टक्क्यांनी वाढतं. पाण्यातून हायड्रोजन निघतो हे दहावीच्या मुलालाही ठाऊक असतं. तो निघाला म्हणून पेट्रोल वाचलं, हे कुठून आलं? बुडबुड्यापासून ॲव्हरेजपर्यंतची ही लांब उडी इतक्या आत्मविश्वासाने मारली जाते, की शंका काढणाराच ओशाळा होतो.

बरणीवाल्यांची बाजू त्यांच्याच ठसक्यात मांडायची तर ती अशी: इंजिनात पेट्रोलचा जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो, बाकीचं न जळता सायलेन्सरमधून जातं. हायड्रोजन झपाट्याने जळतो. तो थोडासा मिसळला की पेट्रोलही पूर्ण जळतं. त्याला लागणारी वीज फुकट, कारण अल्टरनेटर तसाही फिरतच असतो. नासाने हे सत्तरच्या दशकातच सिद्ध केलंय. तेल कंपन्यांनी ते दाबून ठेवलं आणि ज्याने उघड केलं त्याला संपवलं. ज्यांनी किट बसवलं त्यांना फरक दिसलाय. आणि शेवटी हुकमाचा एक्का: पुस्तकी लोकांना यातलं काय कळतं? दोन-चार हजारांचा तर मामला, करून बघायला हरकत काय आहे?

एकेक घेऊ.

सुरुवात पाण्यापासून. पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून झाल्यावर जे उरतं ते पाणी. त्यातला हायड्रोजन पुन्हा जाळायचा असेल, तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली होती तेवढी आधी परत घालावी लागते. यात नवीन काही नाही. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी बॅटरीच्या तारा पाण्यात बुडवून पाण्याचे दोन वायू वेगळे केले, आणि १८३०च्या दशकात मायकेल फॅरडेने किती विजेला किती वायू सुटतो याचा नियम बांधून दिला. बरणीवाले ज्याला ‘संशोधन’ म्हणतात ते दोनशे वर्षांपूर्वी झालं, आणि त्याचा हिशेबही तेव्हाच लागला.

तो हिशेब एकदा कागदावर मांडावा. घरगुती बरणीचा बऱ्यापैकी चांगला नमुना घेऊ: ओळीने जोडलेले सहा कप्पे आणि २० अँपिअरचा प्रवाह. फॅरडेच्या नियमाने यातून तासाला साधारण ७५ लिटर मिश्र वायू मिळतो. आकडा भरघोस वाटतो, आणि विक्रेते नेहमी लिटरमध्येच बोलतात त्याचं कारण हेच आहे. वजनात पाहिलं तर त्यातला हायड्रोजन भरतो सुमारे साडेचार ग्रॅम. साडेचार ग्रॅम हायड्रोजनमध्ये ऊर्जा किती? सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोलमध्ये असते तेवढी. ताशी साठच्या वेगाने जाणारी छोटी गाडी तासाला तीन लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. म्हणजे बरणीतून येणारी सगळी ऊर्जा अगदी फुकट मिळाली असती, तरी फरक अर्ध्या-पाऊण टक्क्याचा पडला असता. तीस टक्के कुठून आणणार?

पण ती फुकट मिळत नाही. २० अँपिअर प्रवाह म्हणजे अल्टरनेटरवर जवळजवळ २७५ वॉटचा भार. गाडीच्या दोन्ही हेडलाइट मिळून घेतात त्याच्या अडीचपट. ही वीज येते अल्टरनेटरमधून, अल्टरनेटर फिरतो पट्ट्यावर, पट्टा फिरतो इंजिनावर आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. प्रत्येक पायरीवर उदार राहून आकडे धरले, तरी शंभर रुपयांच्या पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी तीस रुपयांची इंजिनातून काम म्हणून बाहेर पडते, अल्टरनेटरमधून अठरा रुपयांची आणि बरणीतून वायूच्या रूपात दहा रुपयांची. तो वायू पुन्हा त्याच इंजिनात जाळला की हाती राहतात तीन. १७ मिलिलिटर पेट्रोलच्या तोडीचा वायू मिळवण्यासाठी गाडी १७० मिलिलिटर पेट्रोल जाळते. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. तो मसाला निदान तिपटीनेच महाग होता.

‘एका लिटर पाण्यातून अठराशे लिटर वायू!’ ही जाहिरातही याच जातीची. आकडा खरा आहे, आणि म्हणूनच तो फसवतो. एका लिटर पाण्यातला सगळा हायड्रोजन १११ ग्रॅम भरतो. त्याची ऊर्जा अर्धा लिटर पेट्रोलचीही नाही. तेवढं पाणी फोडायला, कुठेही काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी, साडेचार युनिटच्या आसपास वीज लागते, आणि बरणीत प्रत्यक्षात सहा-सात. छोट्या गाडीची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी अर्धा युनिटही साठवत नाही. तेव्हा ही वीज टाकीतल्या पेट्रोलमधूनच येणार, दुसरा वाली नाही.

इथे बरणीवाले हसून म्हणतात, ‘अहो, अल्टरनेटर तर फिरतच असतो!’ फिरतो, पण किती जोराने फिरवावा लागतो? वीज न घेतलेला अल्टरनेटर हलका फिरतो. वीज ओढली की त्यातला चुंबकीय विरोध वाढतो आणि इंजिनाला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. गाडी न्यूट्रलवर उभी असताना हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावून पाहावा. इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो आणि मग सावरतो. ते सावरणं म्हणजे जादा पेट्रोल. अल्टरनेटरची वीज फुकट असती, तर गाड्यांच्या कंपन्यांनी साध्या दिव्यांऐवजी एलईडी बसवायला आणि गरज नसताना अल्टरनेटरचं चार्जिंग तोडणाऱ्या यंत्रणा घालायला पैसे का ओतले असते? पाच-पन्नास वॉट वाचवायला तिथे इंजिनिअर डोकं खपवतात, आणि इकडे पावणेतीनशे वॉट ‘तसेही वाया जात होते’ म्हणून पाण्यात सोडले जातात.

ऊर्जेच्या हिशेबात अडकलं की पवित्रा बदलतो. आता हायड्रोजन हे इंधन उरत नाही. ते म्हणे पेट्रोल पूर्ण जाळणारं ‘उत्प्रेरक’ असतं. याच्या मुळाशी एक जुना गैरसमज आहे. इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्के, याचा अर्थ सत्तर टक्के पेट्रोल न जळता बाहेर पडतं असा नाही. गरम झालेल्या, नीट चालणाऱ्या इंजिनात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के पेट्रोल सिलिंडरमध्येच जळतं. सत्तर टक्के वाया जाते ती उष्णता, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. कोणतंही उष्णतेवर चालणारं इंजिन ती पूर्णपणे टाळू शकत नाही. सत्तर टक्के पेट्रोल खरोखरच कच्चं बाहेर पडत असतं, तर खंबाटकीच्या बोगद्यात रोज स्फोट झाले असते. जे दोन-तीन टक्के जळायचं राहतं ते सगळंच्या सगळं बरणीने जाळून दाखवलं, तरी ॲव्हरेज वाढेल दोन-तीन टक्क्यांनी. मग उरलेले सत्तावीस टक्के कोणाच्या खिशातून येतात?

हायड्रोजनची ज्वाला पेट्रोलच्या ज्वालेपेक्षा कितीतरी वेगाने पसरते, हे मात्र खरं. पण किती हायड्रोजन आत जातो, हे कोणी पाहत नाही. बाराशे सीसीचं इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना, मिनिटाला सहाशे-सातशे लिटर हवा ओढतं. बरणी मिनिटाला देते सव्वा लिटर, आणि त्यातही हायड्रोजन दोन-तृतीयांश. हजार भागांत एखाद-दोन भाग वायू मिसळून ज्वालेचा स्वभाव बदलत नाही.

मग नासाचं काय? नासाचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो, म्हणून हा मुद्दा फार प्रिय आहे. १९७७ साली नासाच्या लुईस संशोधन केंद्राने पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून इंजिन चालवल्याचा अहवाल प्रसिद्ध केला, ही गोष्ट खरी. तो वाचला तर कळतं, की तिथला हायड्रोजन सिलिंडरमधून आणलेला होता किंवा मिथेनॉलपासून वेगळ्या उपकरणात तयार केलेला होता. मिश्रण खूप ‘लीन’ केलं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी ठेवलं, तर इंजिन नीट चालतं का आणि धुरातले विषारी घटक घटतात का, हे तपासायचं होतं. गाडीच्याच अल्टरनेटरवर पाणी फोडून मिळवलेला वायू त्या प्रयोगात नव्हताच. नासाचं नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांनी अहवालाचा पहिला परिच्छेद तरी वाचला असेल?

आजच्या गाडीत आणखी एक पहारेकरी बसलेला असतो. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, पेट्रोलचं प्रमाण क्षणोक्षणी ठरवत असतो. साधारण पावणेपंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल हे गणित तो सोडत नाही. म्हणून किटवाले बरणीबरोबर एक ‘चिप’ही देतात. ही चिप सेन्सरचा इशारा बदलते आणि ईसीयूला खोटं सांगून पेट्रोल कमी सोडायला लावते. म्हणजे बरणी राहिली शोभेला. काम करते ती चिप. त्याची किंमत मोजावी लागते इंजिनाच्या नॉकिंगमध्ये, तापणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, डॅशबोर्डवर पेटलेल्या पिवळ्या दिव्यात आणि धुरातल्या वाढलेल्या नायट्रोजन ऑक्साइडमध्ये. चिपने पेट्रोल कापलं, तर त्याचं श्रेय हायड्रोजनला कशासाठी?

आता अनुभवाकडे येऊ, कारण शेवटी सगळे तिथेच येऊन थांबतात. ‘आमच्या गाडीचं ॲव्हरेज सोळावरून एकवीस झालं!’ बोलणारा बहुधा खोटं बोलत नसतो. पण मोजतो कसा? टाकी फुल, पुन्हा टाकी फुल आणि मधले किलोमीटर. पंपाची नोझल एकदा लवकर कट होते, एकदा उशिरा. गाडी एकदा सपाट जागी उभी असते, एकदा उतारावर. दहा लिटरमध्ये अर्धा लिटर इकडचा तिकडे झाला की पाच टक्क्यांची ‘वाढ’ आपोआप होते. त्यात आधीचा हिशेब पुण्याच्या गर्दीतला आणि नंतरचा कोल्हापूरला जाणाऱ्या हायवेवरचा असेल, तर बोलायलाच नको. किट बसवताना मिस्त्री प्लग साफ करतो, एअर फिल्टर बदलतो, जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर ट्यूनिंगचा स्क्रूही फिरवतो. शिवाय हजारो रुपये घालून बसलेला मालक पुढचा महिनाभर ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवतो, जणू खाली अंडं आहे. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे की ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग ठेवा, टायरमधली हवा तपासा. ते ऐकायला माणसाला आधी बरणी विकत घ्यावी लागते, एवढाच या अनुभवाचा अर्थ.

हे पडताळून पाहायचं तर एक सोपी पद्धत आहे. बरणीचं बटण डिकीत लपवावं आणि रोज सकाळी ते चालू ठेवायचं की बंद, हे चालवणाऱ्याला न सांगता घरातल्या दुसऱ्याच कोणीतरी नाणं उडवून ठरवावं. रस्ता तोच, पंप तोच, भरण्याची पद्धत तीच. दोन महिन्यांनी चिठ्ठ्या उघडाव्यात. ‘आम्ही करून पाहिलंय’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी कोणी हे केलंय का?

दुसऱ्यांनी मात्र करून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या मासिकाने, म्हणजे पुस्तकी प्राध्यापकांनी नव्हे तर हात काळे करणाऱ्या वाचकांच्या मासिकाने, २००८मध्ये असं किट गाडीत बसवून तपासलं. मायलेजमध्ये काहीही फरक पडला नाही. जानेवारी २००९मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डेनिस ली यांच्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. ‘हायड्रो असिस्ट फ्युएल सेल’ बसवल्यावर मायलेज किमान पन्नास टक्क्यांनी वाढतं, असा त्यांचा दावा होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणं आजवर तपासली, आणि मायलेज ठळकपणे वाढवणारं त्यातलं एकही निघालं नाही.

इतकं सांगितलं की आवाज खाली येतो आणि कारस्थानाची कथा सुरू होते. तिचा नायक ठरलेला: ओहायोचा स्टॅन्ली मेयर, पाण्यावर गाडी चालवली म्हणून ज्याला ‘विष घालून मारलं’. मेयर १९९८मध्ये एका हॉटेलात जेवताना कोसळला आणि मरण पावला. शवविच्छेदनात कारण निघालं मेंदूतली रक्तवाहिनी फुटणं. कथा सांगणारे त्याआधीची दोन वर्षं गाळतात. १९९६मध्ये त्याच्याच दोन गुंतवणूकदारांनी त्याला कोर्टात नेलं, तज्ज्ञांनी त्याचं उपकरण तपासलं तेव्हा ते नेहमीचं विद्युत अपघटन निघालं, कोर्टाने त्याला उघड फसवणूक म्हटलं आणि पंचवीस हजार डॉलर परत करायला लावले. त्याच्या पेटंटांचा काळ केव्हाच संपला आहे. ती आज कोणीही मोफत वाचू शकतो, बनवू शकतो, विकू शकतो. मग पाण्यावरची गाडी अजून कुठे अडली आहे?

मेयर एकटा नाही. फिलिपिन्समधल्या डॅनियल डिंगेलने वर्षानुवर्षं पाण्यावरची गाडी मिरवली आणि २००८मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला. त्याच वर्षी जपानच्या जेनेपॅक्स कंपनीने ओसाकात पाण्यावरची गाडी दाखवली. वर्षभराच्या आत कंपनी गुंडाळली. २०१२मध्ये पाकिस्तानात आगा वकार अहमद यांनी पाण्याचं किट टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर आणलं. केंद्रीय मंत्र्यांनी पाठ थोपटली, अणुशास्त्रज्ञ अब्दुल कदीर खान यांनीही यात फसवणूक नसल्याचं सांगितलं, आणि परवेझ हुडभॉय यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी विरोध केला तेव्हा त्यांनाच देशाच्या प्रगतीच्या आड येणारे ठरवलं गेलं. ते किट कुठल्याही रस्त्यावर धावलं नाही. शेजाऱ्यांना हसण्याआधी आपल्याकडचा रामर पिल्लई आठवावा. तमिळनाडूच्या या तरुणाने १९९६मध्ये वनस्पतींपासून पेट्रोल केल्याचा दावा केला आणि देशभर त्याचं कौतुक झालं; २०१६मध्ये चेन्नईच्या कोर्टाने त्याला तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. देश बदलतात, पदार्थ बदलतो, बाकी सगळं तेच: आधी प्रात्यक्षिक, मग देशाभिमान, मग गुंतवणूक, मग कोर्ट.

आणि असा शोध खरंच लागला असता, तर तो दाबणार कोण? भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आयात करतो. दोन हजारांच्या बरणीने तिसरा हिस्सा वाचणार असता, तर कुठल्याही सरकारने ती रेशनवर वाटली असती. गाड्यांच्या कंपन्यांवर २०१७-१८पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे. किलोमीटरमागे सरासरी १३० ग्रॅमची ती मर्यादा २०२२-२३पासून ११३ ग्रॅमवर आली. ते सतरा ग्रॅम कमी करायला चाकणपासून चेन्नईपर्यंतचे कारखाने पातळ ऑइल, हलकं पोलाद, हायब्रिड बॅटऱ्या यांवर कोट्यवधी रुपये घालतात. त्यांना बरणी परवडत नाही? एसटी महामंडळाच्या हजारो गाड्या रोज डिझेल पितात. कळंबोलीचा ट्रकमालक एका फेरीत ड्रायव्हरने पाच लिटर डिझेल जास्त जाळलं तर त्याचा जाब विचारतो. पैशापैशाचा हिशेब ठेवणारी ही माणसं तेल कंपन्यांच्या प्रेमापोटी नुकसान सोसत आहेत काय?

उरला शेवटचा सवाल: हरकत काय? हरकत भरपूर आहे. बरणीतून येतो तो नुसता हायड्रोजन नसतो. जळायला लागणारा ऑक्सिजन नेमक्या प्रमाणात आधीच मिसळलेला वायू असतो. एरवी हवेतही हायड्रोजन ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतो, आणि त्याला पेटवायला न दिसणारी ठिणगी पुरते. इंजिनाने एकदा उलट भडका मारला आणि ज्वाला नळीतून मागे आली, तर बरणीचे तुकडे होतात आणि कॉस्टिक पोटॅशचं पाणी उडतं. ते डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. द्रावण तापलं की जास्त वीज ओढतं, जास्त वीज ओढली की आणखी तापतं. पंचेचाळीस अंशांच्या विदर्भात, तापलेल्या इंजिनाशेजारी हा खेळ मांडायचा! पोटॅश मिळालं नाही म्हणून कोणी मीठ घातलं तर क्लोरीन वायू निघतो. स्टीलच्या पट्ट्या झिजून पाणी पिवळं-तपकिरी होतं, त्यात क्रोमियमची विषारी संयुगं असू शकतात, आणि ते पाणी बहुधा गॅरेजच्या गटारात जातं.

कायदाही आहेच. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२नुसार गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. सीएनजी किटला मंजुरी लागते, आरसी बुकात नोंद लागते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. बरणीला यातलं काहीच नाही. गाडी पेटली तर नामंजूर फेरफाराकडे बोट दाखवून दावा नाकारायचं कारण विमा कंपनीच्या हातात आयतं मिळतं. दोन हजारांचा मामला इथे दहा लाखांचा होतो.

काही जण शेवटचा आडोसा घेतात: ‘हायड्रोजन हे भविष्य आहे, सरकारच सांगतंय ना?’ सांगतंय. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. त्याआधी ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी बनवलेली हायड्रोजन बस लोकांसमोर आली. पण त्या बसमध्ये हायड्रोजन टाकीत बाहेरून भरला जातो आणि फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते. बस आपल्याच इंजिनावर पाणी फोडत रस्त्याने जात नाही. मोठ्या कारखान्यातही एक किलो हायड्रोजनला पन्नासहून अधिक युनिट वीज लागते, आणि ती सूर्य-वाऱ्याची असेल तरच ‘हरित’ म्हणायची. नितीन गडकरी ज्या टोयोटा मिराईतून २०२२मध्ये संसदेत गेले, तिच्या टाक्यांत साडेपाच किलोच्या वर हायड्रोजन मावतो. घरगुती बरणीने तेवढा भरायचा ठरवला, तर ती अहोरात्र पन्नास दिवसांहून जास्त चालवावी लागेल.

या सगळ्यावर एक हळवा आक्षेप येतो, की अशा टीकेमुळे गावोगावच्या हुन्नरी पोरांचा हुरूप जातो. खरं तर हुन्नरी पोरांचा अपमान बरणी विकणारेच करतात. डिझेल पंपाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा, शेतीची अवजारं स्वतः बनवणारा मिस्त्री महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहे. त्याचं काम टिकतं, कारण ते रोज शेतात आणि रस्त्यावर तपासलं जातं. ज्या वस्तूची परीक्षा फक्त टाळ्यांनी होते, तिला त्याच्या कामाच्या पंगतीला बसवायचं कशासाठी? बुवाच्या अंगाऱ्यावर हसणारा शिकलेला माणूस त्याच अंगाऱ्याला दोन वायरी जोडल्या की पाकीट काढतो, हे अधिक लाजिरवाणं आहे.

तेव्हा निकाल स्पष्ट आहे. बरणी पेट्रोल वाचवत नाही, पेट्रोल खाते. शंभर रुपयांचं खाऊन तीन रुपयांचं काम परत करते. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्यासाठी पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे. तिथे गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगाच्या ठरलेल्या चक्रात ॲव्हरेज मोजतात. विक्रेत्याने तिथला, बरणी चालू आणि बरणी बंद अशा दोन्ही चाचण्यांचा अहवाल दाखवावा, आणि ग्राहकाने तो पाहिल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये. तोवर बसवलेली बरणी काढून टाकावी आणि जवळच्या पंपावर जाऊन चारही टायरांत नीट हवा भरून घ्यावी. पंपावर ती फुकट मिळते, आणि फुकट देणं पंपाला बंधनकारक आहे.